‘त्याचे वडील दुकान पळवतात’

सातवीला इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे: मराठी माध्यमातल्या मुलांनी ‘रन म्हणजे धावणे’ असं पाठ केलं. मग उताऱ्यात ‘हिज फादर रन्स अ शॉप’ हे वाक्य आलं आणि एका मुलाने लिहिलं, ‘त्याचे वडील दुकान पळवतात.’ दुसऱ्याचं नाक धावलं, तिसऱ्याची नदी डोंगरातून समुद्राकडे धावली. एका क्रियापदाला इतके अर्थ आले कुठून, त्यांच्यात काही धागा आहे का, आणि मुलांना हे समजवायचं कसं?

बाई, मी गेली अठ्ठावीस वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतो. औषधांची माहितीपत्रकं, यंत्रांच्या पुस्तिका, बँकांचे अर्ज, करारनामे, जे पोटापाण्यासाठी येतं ते सगळं. त्या कागदांत हे एवढंसं क्रियापद रोज समोर येतं आणि दर वेळी वेगळा मराठी शब्द मागतं. त्यामुळे याच्याबद्दल मला बरंच बोलायचं आहे, उत्तर लांबलं तर समजून घ्या.

पहिली विनंती: ज्या मुलाची नदी धावली त्याचे गुण कापू नका. न कळत का होईना, तो या शब्दाच्या उगमापाशी जाऊन उभा राहिला आहे.

बहुतेक व्युत्पत्तिकोश रनचं मूळ ‘वाहणे’ या अर्थाच्या एका अतिप्राचीन भारोपीय (संस्कृत, लॅटिन, जर्मन, इंग्रजी ज्या कुळातल्या, त्या कुळातल्या) धातूपर्यंत नेतात. म्हणजे आधी पाणी, मग पाय. जुन्या इंग्रजीची जी लिखाणं उरली आहेत त्यांत माणूस धावतो आणि ओढा वाहतो तो याच क्रियापदाने. जर्मन भाषेने या दोन अर्थांसाठी दोन सख्खी भावंडं ठेवली: ‘रेनेन’ म्हणजे धावणं आणि ‘रिनेन’ म्हणजे ओघळणं, धार लागणं. तिथेच तिसरं एक आहे, ‘गेरिनेन’, म्हणजे दूध किंवा रक्त गोठणं. वाहण्यातून गोठणं कसं निघालं, असं वाटेल. पण दूध फाटताना जवळून पाहा: पातळ दुधात कण एकमेकांकडे सरकतात, एकत्र वाहून येतात आणि गठ्ठा होतो. ‘एकत्र वाहून येणं’ हाच त्या शब्दाचा गाभा. चीज करताना दूध जमवायला वासराच्या पोटातून काढलेला जो पदार्थ घालतात त्याला इंग्रजीत ‘रेनेट’ म्हणतात, तोही याच घरातला. आणि ‘रनेल’ म्हणजे ओहोळ.

आता ज्यासाठी मला हे उत्तर लिहावंसं वाटलं ती गोष्ट. हाच प्राचीन धातू संस्कृतात ‘री’ या रूपात आहे, वाहणे, वाहवणे या अर्थाने. त्यापासून झालेला शब्द म्हणजे ‘रीति’. ऋग्वेदात रीति म्हणजे प्रवाह, धार, गती. पुढे पाणी ज्या वाटेने नेहमी जातं ती वाट, आणि तिथून माणसं ज्या वाटेने नेहमी वागतात ती पद्धत. आपली रीत ती हीच. रीतभात, रीतसर, लग्नातल्या रीती, सगळं त्या एका वाहण्यातून आलेलं. कोश बरोबर असतील, तर इंग्रजीतलं रन आणि आजीच्या तोंडची ‘आपल्यात अशी रीत नाही’ यातली रीत ही दूरची चुलत भावंडं आहेत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री अकरा वाजता बायकोला उठवून सांगितलं होतं.

आणि मराठीने यावर आणखी एक थर चढवला आहे. आपण नुसती रीत म्हणत नाही, ‘चालीरीती’ म्हणतो. चाल ही चालण्यातून, रीत ही वाहण्यातून. दोन्ही शब्दांच्या पोटात गती आहे, आणि दोन्ही मिळून अर्थ काय, तर जे पिढ्यान् पिढ्या तसंच राहिलं ते.

लॅटिनमध्ये याच धातूपासून ओढ्याला शब्द झाला ‘रीवुस’. एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे ते ‘रीवालिस’, आणि त्यांच्यातून आला इंग्रजी ‘रायव्हल’, प्रतिस्पर्धी. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून बांधाबांधांवर जी भांडणं होतात ती ज्याने पाहिली आहेत, त्याला ही व्युत्पत्ती वेगळी समजावून द्यावी लागत नाही. मात्र इथे एक सावधगिरी: ‘रिव्हर’ हा शब्द दिसायला या घरातला वाटतो, पण तो लॅटिनमधल्या काठ या अर्थाच्या ‘रीपा’पासून आला आहे. रायव्हल ओढ्यातून आला, रिव्हर काठावरून. मुलांना सांगताना ही गल्लत होऊ देऊ नका. दिसण्यावरून नाती जोडणं हा व्युत्पत्तीतला सगळ्यात मोठा मोह आहे.

आता इतके अर्थ का, याकडे येतो. माझ्या मते खरी गुरुकिल्ली व्याकरणात आहे, आणि ती मराठी मुलांना इंग्रज मुलांपेक्षा लवकर कळेल.

मराठीत पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, तुटणे आणि तोडणे अशा जोड्या आहेत. एक आपोआप होतं, दुसरं कोणीतरी करतं. कधी हा फरक आतला स्वर बदलून दाखवतो, कधी ‘व’ जोडून: चालणे–चालवणे, पळणे–पळवणे. जुन्या इंग्रजीतही अशा जोड्या होत्या, आणि काही आजही शिल्लक आहेत. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे. ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसवणे. ‘लाय’ म्हणजे आडवं होणे, ‘ले’ म्हणजे आडवं ठेवणे. रनचीही अशीच जोडी होती. स्वतः धावणं, वाहणं याला एक क्रियापद, आणि घोडा दौडवणं, एखादी गोष्ट धावती करणं याला त्याचंच वेगळं रूप. स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांची भाषा इंग्लंडमध्ये मिसळली, त्यांच्याकडेही अशीच जोडी होती. ही सगळी सारख्या आवाजाची रूपं मध्ययुगात एकमेकांत विरघळली आणि शेवटी एकच शब्द उरला. म्हणजे आपल्याकडे उद्या ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ यांचं मिळून एकच क्रियापद झालं तर जे होईल ते रनचं झालं. ‘द शॉप रन्स’ म्हणजे दुकान चालतं, ‘ही रन्स द शॉप’ म्हणजे तो दुकान चालवतो. कर्म आलं की ‘व’ घालायचा. तुमच्या विद्यार्थ्याने तो घातलाही होता! ‘पळवतात’ मधला प्रयोजकाचा ‘व’ अगदी बरोबर आहे. त्याला व्याकरण आलं, फक्त धातू चुकला.

शब्दाच्या रूपाचीही एक गंमत जाता जाता सांगतो. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद बऱ्याचदा उलटापालट होऊन ‘इर्नान’ असं यायचं, म्हणजे र आणि स्वर यांनी जागा बदललेल्या. असं बोलताना सहज होतं. आपल्याकडे नुकसानचं नुसकान होतं, चिकटणेचं चिटकणे होतं, तसंच. आणि आज रनच्या स्पेलिंगमध्ये ‘यू’ने लिहिला जाणारा जो स्वर आहे तो मुळात वर्तमानकाळाचा नव्हता. तो भूतकाळी रूपांमधून इकडे सरकला आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास पक्का झाला.

आकडा विचाराल तर तो दबकवणारा आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९मध्ये आली, तेव्हा त्यातली सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ची होती, सुमारे ४३० अर्थ. पुढच्या आवृत्तीचं काम चालू असताना २०११मध्ये रनची नोंद नव्याने लिहून झाली, आणि नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर या कोशकारांनी त्या एका शब्दावर नऊ महिन्यांहून अधिक काळ घालवला. एका शब्दावर नऊ महिने म्हटल्यावर लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. आपल्या ‘लागणे’वर कोणी नऊ महिने बसलं तर मी त्याच्या घरी चहा पोचवीन.

या ६४५मधले पुष्कळसे अर्थ यंत्रांमुळे आणि धंद्यामुळे आले. गिरणी, इंजिन, आगगाडी, कारखाना, नंतर संगणकावरची आज्ञावली, एकामागून एक नव्या गोष्टी आल्या आणि इंग्रजीने प्रत्येकीसाठी हाताशी असलेलं तेच क्रियापद वापरलं. आपण काय केलं? आपण ‘चालणे’ वापरलं. घड्याळ चालतं, पंखा चालतो, नाटक चालतं, खटला चालतो, दुकान चालतं, घर चालतं, नाडी चालते, नाणं चालतं. इंग्रजी यातल्या बहुतेक ठिकाणी रन म्हणेल. म्हणून मी नव्या भाषांतरकारांना सांगतो: रन दिसलं की आधी ‘चालणे’ आणि ‘वाहणे’ लावून बघा. धावणे तिसऱ्या नंबरवर ठेवा.

हे फक्त रनपुरतं नाही. लॅटिनमध्ये धावण्याला ‘कुर्रेरे’ म्हणत. त्यापासून ‘करंट’, ‘करन्सी’, ‘कोर्स’ हे शब्द निघाले. आता मराठी बघा. करन्सी म्हणजे चलन. करंट अकाउंट म्हणजे चालू खातं. कोर्स म्हणजे अभ्यासक्रम, आणि त्यातला ‘क्रम’ संस्कृतात पाऊल टाकण्यापासून झालेला. युरोपात जे पैसे धावतात ते आपल्याकडे चालतात. मुलांना तर आणखी जवळचं उदाहरण आहे: इंग्रजीच्याच तासाला ती ‘चालू वर्तमानकाळ’ शिकतात. त्यातलं ‘चालू’ पायाने चालणारं नाही, हे त्यांना कोणी कधी शिकवलं नाही, तरी कळतं. तिथूनच सुरुवात करा.

धावणे या शब्दावर मात्र अन्याय नको. संस्कृतातल्या ‘धाव्’ धातूलाही धावणं आणि वाहणं असे दोन्ही अर्थ होते, म्हणजे आपला शब्दही तसा पाण्यातूनच वर आलेला. वाहनांसाठी तो चपखल बसतो. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी ‘धावली’ असंच आपण लिहितो, आणि गणपतीत जादा गाड्या ‘धावणार’ असाच मथळा येतो. क्रिकेटमधल्या रनला ‘धाव’ हा प्रतिशब्द तर इतका रुळला की तो भाषांतर आहे हेच विसरायला होतं. (इंग्लंडमध्ये सुरुवातीला धावांना खाचा म्हणत, कारण धावफलक म्हणजे एक काठी होती आणि प्रत्येक धावेला तिच्यावर चाकूने खाच पाडत.)

आणि नाम म्हणून रनचा एक अर्थ आहे, जनावरांनी ये-जा करायची ठरावीक वाट किंवा मोकळी जागा. मेंढ्यांचं रन, कोंबड्यांचं रन. याला मराठी शब्द नाही असं मला एका संपादकाने सांगितलं होतं. मी लहानपणी आजोळच्या विहिरीवर मोट चालताना पाहिली आहे. बैल ज्या उतारावरून मोट ओढत खाली जात आणि मागच्या पावली परत येत, त्या वाटेला ‘धाव’च म्हणत. वर्षानुवर्षं खूर पडून तिची माती पिठासारखी झालेली असे, आणि तिच्या वरच्या टोकाला उभा राहून मामा म्हणे, ‘धावेत येऊ नको रे.’ इंग्रजीने रनचं जे केलं तेच मराठीने धाव या शब्दाचं केलं होतं. मोटा गेल्या म्हणून तो शब्द वापरातून गेला.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे चुकीच्या धातूची किंमत कळेल. पाण्याच्या पंपाची एक पुस्तिका माझ्याकडे तपासायला आली होती. मराठी मजकूर आधीच छापून शेतकऱ्यांच्या हाती गेलेला, पुढच्या छपाईआधी डोळ्याखालून घालायचा होता. इंग्रजीत सूचना होती, ‘डू नॉट रन द पंप ड्राय’. मराठीत छापलं होतं, ‘पंप कोरडा पळवू नका’. ज्याच्या हातात ती पुस्तिका पडली त्याने यातून काय घ्यावं? पंप पुसून कोरडा ठेवू नका, की ओला करून उचला, की कोणी चोरू नका? मुद्दा साधा होता. पंपाच्या आतले भाग फिरताना तापतात आणि त्यातून जाणारं पाणीच त्यांना गार ठेवतं. विहीर आटली, पाणी येईना, तरी बटण चालू राहिलं, तर आतलं सील जळतं. मी लिहिलं, ‘पाणी नसताना पंप चालू ठेवू नका.’ सहा शब्दांचं काम. पण त्या आधीच्या प्रती वाचून कोणाचा पंप जळला असेल का, हा विचार अजून मनातून जात नाही. उन्हाळ्यात विहिरीवरचा पंप जळणं म्हणजे उभं पीक जाणं असतं.

औषधांच्या कागदांवरही हेच. ‘रनिंग नोज’ला नाक वाहणे, नाक गळणे. ‘रनिंग सोअर’ म्हणजे वाहती जखम. ‘ही इज रनिंग अ टेंपरेचर’ला मात्र चालणंही नको, वाहणंही नको: त्याच्या अंगात ताप आहे, बस. जिथे इंग्रजी क्रियापद मागते तिथे मराठी बऱ्याचदा नुसत्या ‘असणे’वर भागवते. करार तीन वर्षं ‘रन’ होतो, आपल्याकडे तो तीन वर्षांचा असतो. एखादा आजार ‘रन्स इन द फॅमिली’, आपल्याकडे तो घराण्यात असतो. रस्ता नदीकाठाने जातो, भिंत लांबवर गेलेली असते, कपड्याचा रंग जातो किंवा उतरतो. साखर ‘रन आउट’ होत नाही, संपते. बँकेवर ‘रन’ आला तर ठेवीदारांची पैसे काढायला झुंबड उडते. रस्त्यात कोणी अचानक भेटलं तर त्यालाही ‘रन इन्टू’, आणि गाडी झाडावर आदळली तरी ‘रन इन्टू’. इथे भेटलेला शेजारी आहे की झाड, यावरूनच अर्थ ठरतो.

निवडणुकीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण वर्तमानपत्र वाचताना मुलं विचारतील. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’, म्हणजे उभा राहतो. अमेरिकी शब्दामागे घोड्यांच्या शर्यतीचं चित्र आहे. उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला ते ‘रनिंग मेट’ म्हणतात, आणि हा शब्द आधी शर्यतीत दुसऱ्या घोड्याला वेग मिळवून देण्यासाठी उतरवलेल्या घोड्यासाठी होता. आपल्याकडे उमेदवार ब्रिटिशांसारखा उभाही राहतो आणि निवडणूक लढवतोही. ‘अध्यक्षपदासाठी धावत आहेत’ असं अलीकडे कुठे कुठे वाचायला मिळतं, ते मुलांना गिरवू देऊ नका.

धावणे आणि पळणे यांच्यातला फरकही वर्गात काढा, कारण मूळ घोटाळा तिथेच झाला. पळणेमागे संस्कृत ‘पलायन’ आहे, म्हणून प्रमाण मराठीत पळण्याला निसटण्याचा, आणि पळवण्याला चोरण्याचा वास येतो. मुलगा मदतीला धावतो, चोर पळतो. देवाचा धावा होतो, पळ काढला जातो. अनेक गावांत मात्र ‘पळत जा आणि आण’ हे अगदी साधं बोलणं आहे, त्यात चोरीबिरी काही नाही. तुमचा तो मुलगा तसं बोलणाऱ्या घरातला असेल, तर त्याला बोलीसाठी रागवू नका. फक्त दुकानापुढे ‘पळवणे’ आलं की काय अर्थ होतो ते त्यालाच विचारा. तो स्वतःच हसेल.

फळ्यावर मी असं करीन. अर्थांची यादी देणार नाही, ६४५ अर्थ कोणाला पाठ होत नाहीत. पाच-सहा वाक्यं लिहीन आणि प्रत्येक वाक्यात एकच प्रश्न विचारीन: इथे हलतंय काय? पाय हलत असतील तर धावणे. पातळ काहीतरी असेल तर वाहणे, गळणे. यंत्र, काम, संस्था, खेळ असेल तर चालणे, आणि पुढे कर्म असेल तर चालवणे. काहीच हलत नसेल, म्हणजे रस्ता, भिंत, करार, ताप, तर रन विसरा आणि ही गोष्ट घरी आईला कशी सांगाल तसं लिहा. शेवटच्या प्रकारातली वाक्यं मुद्दाम जास्त घ्या, मुलं तिथेच अडतात. आणि वेळ उरला तर ‘रीत’ची गोष्ट सांगा. सातवीच्या मुलांना ती कळते, मी माझ्या भाचीवर करून पाहिलं आहे. तिने दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘मग रीतसर म्हणजे पाण्यासारखं सरळ का?’